सकाळी सेल्फ घेत नाही, चालू झाली तर पांढरा धूर टाकून बंद पडते: जुन्या डिझेल पिकअपचा पंप उतरवावा का?

प्रश्न थोडक्यात असा. निफाडकडची जुनी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनची पिकअप, कांदा-द्राक्षाच्या भाड्याला चालते. थंडी पडल्यापासून सकाळी किल्ली फिरवली की आधी टकटक होते, मग इंजिन आळसावून फिरतं. चालू झालंच तर पांढरा धूर टाकून बंद पडतं. डिझेलच्या लाइनीवरचा हँडपंप मारला की पुन्हा चालू होतं आणि दिवसभर तक्रार नसते. बॅटरी नवीन टाकून झाली, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बांधून घेतला, आता मिस्त्री डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) उतरवायचा म्हणतोय. उतरवावा का?

नका उतरवू, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे सगळे गोंधळलेत. टकटक आणि संथ फिरणं हा करंटचा भाग. चालू होऊन बंद पडणं आणि हँडपंपने पुन्हा चालू होणं हा डिझेलच्या लाइनीत हवा शिरण्याचा भाग. पंप खराब असता तर हँडपंप मारून एवढा फरक पडला नसता. आणि करंटचा भाग आधी सोडवायचा, कारण डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेची गरमी असते. मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे मिळाले नाहीत तर थंड सिलिंडरमध्ये हवा तापतच नाही. मग पंप कितीही चांगला असो, न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं.

पहिल्यांदा आवाज नीट ऐका. मशीनगनसारखी झरझर टकटक होत असेल तर सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा मोठा स्विच) ओढला जातोय आणि करंट पुरत नाही म्हणून लगेच सुटतोय. बॅटरी उतरलेली किंवा कुठला तरी जोड ढिला. एकच दणदणीत ‘टक्क’ येऊन पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे काँटॅक्ट जळालेत किंवा सेल्फचे कार्बन (आत करंट पोचवणारे, घासून झिजणारे ठोकळे) संपलेत. सेल्फच्या अंगावर पान्याने हलकं ठोकलं आणि गाडी फिरली तर कार्बनच समजा. सेल्फ नुसता घुंईं करून मोकळा फिरत असेल तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणारा दातेरी भाग. खरखर आवाज आला तर इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात. काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाही. तुमचं प्रकरण पहिल्यातलं आहे.

आता बॅटरी. नवीन बॅटरी म्हणजे चार्ज झालेली बॅटरी नव्हे. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली आणि नंतर शेत ते शेड अशा छोट्या फेऱ्यांत अर्धवटच भरली जाणारी बॅटरी नवी असूनही अर्धी रिकामी असू शकते. रात्रभर उभ्या गाडीवर, सकाळी काहीही चालू करण्याआधी, मल्टीमीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तिला आधी चार्जिंगला लावा आणि मगच पुढचं बोला. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघा. भरलेल्या सेलचं माप १.२५० च्या वर असतं. पाच सेल सारखे आणि एक बराच खाली असेल तर तो सेल गेला, ती बॅटरी चार्ज करून उपयोग नाही. पारा शून्याच्या आसपास गेला की पूर्ण भरलेली बॅटरीही साधारण दोन तृतीयांश ताकदीनेच काम करते. नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे ओझं जास्त आणि जोर कमी. दिवसा गाडी बरी चालते याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पण खरी माहिती मिळते ती सेल्फ मारतानाच्या व्होल्टेजमधून, आणि ते फार कमी लोक बघतात. एकाला केबिनमध्ये बसवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. गाडी चालू होऊ नये म्हणून इंजिन बंद करायची स्टॉपची वायर ओढून धरा किंवा पंपावरच्या, डिझेल तोडणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवा. आता सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीच्या खांबांवरचं मीटर बघा. ते ९.६ व्होल्टच्या वर राहायला हवं, कडाक्याच्या थंडीत थोडं कमी चालेल. इथे दोन शक्यता निघतात. इंजिन संथ फिरतंय आणि व्होल्टेज ८-९ वर कोसळतंय, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून घासून जास्त करंट ओढतोय. इंजिन संथ फिरतंय पण बॅटरीवर ११ च्या वर व्होल्टेज दिसतंय, तर बॅटरी आणि बहुतेक वेळा सेल्फही निर्दोष आहे, करंट वाटेत अडतोय. तुमच्यासारख्या, बॅटरी आणि सेल्फ दोन्ही करून झालेल्या गाड्यांत हा दुसरा प्रकारच जास्त सापडतो.

वाट तपासायची पद्धत अशी. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल काडी बॅटरीच्या प्लस खांबावर, म्हणजे खांबाच्या शिशावर, क्लॅम्पवर नाही. काळी काडी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, जिथे बॅटरीची जाड केबल येते. सेल्फ मारा. जोड चांगले असतील तर मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. नंतर एक काडी बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी सेल्फच्या धातूच्या अंगावर, रंग खरवडून. इथे ०.३ च्या आत हवं. जास्त दिसलं तर काड्या जवळजवळ आणत जा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं), लग ते चासी, चासी ते इंजिन. जिथे आकडा उडी मारेल तिथे बिघाड.

नुसता ओहमवर मीटर लावून केबल ‘चांगली’ ठरवू नका. सेल्फ दोनशे अँपिअरच्या आसपास ओढतो. जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे दोन व्होल्ट तिथेच जिरले. साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसतही नाही, तो शून्यच दाखवतो. आणि ते दोन व्होल्ट जातात कुठे? चारशे वॉटची गरमी होऊन. मीटर नसेल तर पाच-सहा सेकंद सेल्फ मारून लगेच प्रत्येक जोडाला हात लावून बघा. जो गरम तो दोषी. जरा जपून, खराब जोड चटका देण्याइतका तापतो.

सगळ्यात जास्त वेळा कुठे सापडतं ते सांगतो: अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, चासीला धातूने चिकटलेलं नसतं. म्हणून चासी आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ती गाडीच्या पोटात, चिखल-पाण्यात. तिच्यावर खताच्या गोण्यांची पूड पडते, कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी गळतं, आणि पट्टी आतून हिरवी होऊन तुटत जाते. वरून अख्खी दिसते. हाताने वाकवली की कुरकुरते आणि बारीक तारा झडतात. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालं की ती पट्टी परत लावायची राहून जाणं हाही नेहमीचा प्रकार. पट्टी नसली तरी गाडी लगेच बंद पडत नाही, कारण करंट दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलेटरची वायर, क्लचची वायर, जे धातूचं मिळेल त्यातून. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलेटरची वायर गरम लागली किंवा तिचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर आणखी काही तपासू नका, सरळ नवीन अर्थिंग टाका. ही पट्टी स्वस्तातली स्वस्त वस्तू आहे. लावताना दोन्हीकडची जागा रंग आणि गंज काढून चकचकीत करा, बोल्ट नीट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून वर लग ठेवणारे भेटतात, ते उलटं आहे: आधी धातूला धातू, मग वर ग्रीस.

क्लॅम्पही काढून आतून घासा. पांढरी-निळी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुतली की जाते, फक्त सोडा बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. क्लॅम्प ढिला होतो म्हणून त्यात पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकलेला असेल तर तो आजच फेका. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

मोठी वाट चांगली निघाली आणि टकटक तरीही राहिली, तर किल्लीकडून सोलेनॉइडला येणारी बारीक वायर बघा. त्या टर्मिनलला ५० नंबर असतो, बॅटरीच्या मोठ्या बोल्टला ३०. किल्ली फिरवून धरल्यावर ५० वर बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्टहून जास्त घट नको. जुन्या गाडीत किल्लीच्या स्विचमधले काँटॅक्ट जळालेले असतात. नवीन स्विच टाकण्यापेक्षा मी चार पिनांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) टाकायला सांगतो: किल्लीची वायर ८६ ला, ८५ अर्थिंगला, ३० ला बॅटरीकडून फ्यूज घालून जाडसर वायर, ८७ वरून सोलेनॉइडच्या ५० ला. स्विचवरचा भार जातो आणि सोलेनॉइड दणकून ओढतो. कुठलाही गाडीचा वायरमन हे पटकन करून देतो.

सेल्फबद्दल एवढंच, बांधून आणलेला सेल्फ म्हणजे दर वेळी चांगला सेल्फ असं नाही. कार्बन नवे आणि बुश (दांड्याला टेकू देणारी कडी) जुनेच ठेवले तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, तिरकं होऊन भोवतीच्या फिल्डला घासतं. थंड असताना बरा, इंजिन तापल्यावर जड, असा त्रास झाला तर बुश विचारा.

चार्जिंग बघायला गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. कमी असेल तर आधी पट्ट्याचा ताण बघा, मग अल्टरनेटर, ज्याला आपण अजून डायनमोच म्हणतो. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘डायनमो चार्ज करतो का’ बघायची जुनी सवय सोडा. त्या काळच्या डायनमोला ते चाललं, आत्ताच्या अल्टरनेटरचे डायोड एका झटक्यात जातात. रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून मायनस वायरमध्ये अँपिअर मीटर घाला. ०.०५ अँपिअरपेक्षा फार जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. पिकअपवर कंपनीने दिलेल्या वायरिंगपेक्षा आपण लावलेले दिवे, हॉर्न आणि ॲम्प्लिफायरच जास्त असतात, शोध तिथूनच सुरू करा.

आता डिझेल. सेल्फ मारताना मागे माणूस उभा करा आणि धूर बघायला सांगा. गाडी जोरात फिरतेय आणि धूर अजिबात नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा धूर भरपूर, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही: फेरे कमी, थंडी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा टायमिंग (डिझेल फवारायची वेळ). तुमच्याकडे आधी पांढरा धूर येतो आणि मग गाडी मरते. म्हणजे पाइपात आणि पंपात उरलेल्या डिझेलवर ती क्षणभर चालते, मागून हवेचा बुडबुडा येतो आणि बंद. रात्रभरात लाइनीतलं डिझेल टाकीकडे उतरतं आहे.

यातली फसवी गोष्ट अशी की टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचा) पाइप ओढीचा असतो. तिथे चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून ‘कुठेच ओलं नाही, म्हणजे लाइन चांगली’ हे इथे लागू होत नाही. ओलावा शोधायचा तो फीड पंपाच्या पुढे.

हवा कुठून येते ते बघायला डिझेल चालणारा पारदर्शक पाइप घ्या, हातभर पुरतो. तो आधी पंपात जाणाऱ्या लाइनीत घाला, गाडी चालू करून बुडबुडे बघा, मग रात्रभर तसाच ठेवून सकाळी तो रिकामा झालाय का बघा. बुडबुडे दिसले तर तोच तुकडा फिल्टरच्या मागे, मग फीड पंपाच्या मागे घाला. जिथे बुडबुडे थांबतील त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष. तपासणी झाली की काढून टाका, इंजिनाच्या गरमीत तो कायमचा ठेवायचा नाही.

दोषाच्या जागा ठरलेल्या असतात. फिल्टर बदलल्यापासून त्रास सुरू झालाय का आठवा. जुनी रबरी रिंग फिल्टरच्या हेडला चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते, मग ती कधीच हवाबंद होत नाही. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर एकदाच वापरायचे असतात, आपल्याकडे ते गाडीच्या आयुष्यभर चालवतात. हँडपंपाचा दट्ट्या वापरल्यावर फिरवून घट्ट खाली बसवायचा असतो. तो वर राहिला किंवा आतली रिंग झिजली तर हवा तिथूनच येते. नोझलवरून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीवरून) परत जाणारे बारीक विणीचे रबरी पाइप, ते कडक होऊन चिरतात, हात लावला तर तुकडे पडतात. रात्री त्यातूनही लाइन हवा घेते. ते मीटरच्या मापाने कापून मिळतात, सगळेच बदला. आणि टाकी पाववर आली की त्रास, भरलेली असली की नाही, असं असेल तर टाकीतल्या ओढनळीला वरच्या बाजूला चीर आहे. एकेरी व्हॉल्व्ह (डिझेल मागे न जाऊ देणारा) लाइनीत घालून मोकळे होणारेही मिस्त्री आहेत. त्याने दोष झाकला जातो, चीर तिथेच राहते आणि वाढत जाते. मी तो घालत नाही.

दोष काढल्यावर हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारा, फेस जाऊन एकसंध डिझेल आलं की पंप मारत असतानाच आवळा. मग डिझेल पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी चालू होत नसेल तर नोझलच्या पाइपचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल दिसलं की एकेक आवळत या. चेहरा आणि हात लांब ठेवा. नोझल दोनशे बारच्या वर उघडतं, त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. ती दिसायला साधी जखम असते, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

थंडीने डिझेल गोठलं असेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोठायची काळजी लडाखसारख्या ठिकाणची, तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल काढलं. निफाडच्या थंडीत डिझेल वाहतं. हीटर प्लगचा (सुरुवातीला हवा तापवणाऱ्या प्लगचा) प्रश्न मुख्यतः जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या इंजिनांचा, उदाहरणार्थ महिंद्राच्या जुन्या गाड्यांतलं प्यूजोचं एक्सडी३पी. तुमचं डीआय इंजिन चांगल्या फेऱ्यावर हीटरशिवाय या थंडीत चालू व्हायला हवं.

एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा किंवा स्प्रे मारून चालू करू नका. डिझेल इंजिनात तो वेळेआधीच पेटतो, पिस्टनच्या खाचा आणि रिंगा तुटतात, आणि हीटर असलेल्या इंजिनात तोंडावर भडका येतो. सेल्फचे बोल्ट पेचकसाने जोडून गाडी चालू करतानाही गाडी गिअरमध्ये नाही ना हे स्वतः बघा. समोर उभं राहून पेचकस लावणाऱ्याच्याच अंगावर गाडी येते. अडलात तर दुसऱ्या गिअरला धक्का स्टार्ट चालेल. पण पंपाला इलेक्ट्रिक स्टॉप सोलेनॉइड असेल आणि बॅटरी पार मेलेली असेल तर तो सोलेनॉइड उघडणार नाही आणि गावभर ढकलूनही गाडी चालू होणार नाही.

पंपावर संशय कधी घ्यायचा? हवा नाही, फेरे जोरात आहेत, आणि तक्रार उलटी आहे: थंड इंजिन लगेच चालू, पण बाजार समितीत तासभर थांबून परत निघताना गरम गाडी चालू होत नाही. रोटरी पंप आतून झिजला की गरम, पातळ झालेलं डिझेल सेल्फच्या फेऱ्यावर दाब धरत नाही. तेव्हा पंपावर ओलं फडकं ठेवून तो निववा. गाडी चालू झाली तर पंप झिजलाय. गरम पंपावर थंड पाणी मात्र ओतू नका, तो अडकतो. तुमची तक्रार थंडीतली आहे, त्यामुळे हे तूर्त बाजूला. हवा काढून, अर्थिंग करूनही सकाळचा पांढरा धूर राहिलाच तर फक्त नोझल काढून पंप-नोझलवाल्याकडे टेस्टिंगला द्या, तेही बरे निघाले तर कॉम्प्रेशन मापा. पंप त्याच्यानंतर.

आज रात्री एक करा. टाकी अर्ध्याच्या वर भरा, उतार बघून पुढचं तोंड खाली करून गाडी लावा, चाकाला दगड द्या. इंजिन टाकीच्या खाली गेलं की डिझेल मागे उतरत नाही. सकाळी गाडी संथच फिरली, पण चालू झाल्यावर बंद पडली नाही, तर हवेचा दोष पक्का. मग उजेडात अर्थिंगच्या पट्टीपासून सुरुवात करा, आणि सेल्फ मारताना बॅटरीवर आणि दोन्ही वाटांवर मीटरने काय आकडे दाखवले ते लिहून ठेवा.